चार दिवसांत गांबिया? हे वेळापत्रक धावणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या देशाच्या चार दिवसांच्या सहलीची आखणी पानभर छापून आली आहे. आमच्या घरी ती दोनदा वाचली गेली. एकदा सौ.ने हौसेने, आणि एकदा मी पेन्सिल हातात घेऊन. मी ३१ वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची १७ वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठलंही वेळापत्रक समोर आलं की माझी नजर गावांच्या नावांवर न जाता दोन वेळांमधल्या अंतरावर जाते. गेल्या जानेवारीत आम्ही दोघं आठ दिवस गांबियात होतो, त्यामुळे तिथली अंतरं अजून ताजी आहेत. तुमच्या तिसऱ्या दिवसात सकाळी बांजुल, दुपारी कुंटा किंते बेट आणि संध्याकाळी वासूची शिलावर्तुळं बसवली आहेत. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर लाल शाईने ‘रनिंग टाइम?’ एवढंच लिहून मी तो परत धाडला असता.

चूक कुठे झाली ते कळतं. क्षेत्रफळ पाहून आखणी केली आहे. सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याहून जरासा मोठा. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात लहान देश. माणसाला वाटतं, एवढंसं तर आहे, उरकेल. पण हा देश म्हणजे एक नदी आणि तिचे दोन काठ. १८८९ साली इंग्रज आणि फ्रेंच यांनी कागदावर नदीच्या दोन्ही अंगांना साधारण दहा-दहा किलोमीटर मोजून सीमा ठरवली, आणि ती वळणावळणाची पट्टी आजही तशीच आहे. समुद्राची बाजू सोडली की सगळीकडून सेनेगल. रुंदी कुठेही ५० किलोमीटरच्या वर जात नाही, लांबी मात्र ३०० च्या पुढे. डेपोच्या भाषेत सांगायचं तर हा तालुका नाही, हा लांब पल्ल्याचा मार्ग आहे. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला मुक्काम. सोय एवढीच की दोन्ही काठांनी रस्ता आहे. जाताना उत्तर काठ, येताना दक्षिण काठ धरला तर तोच रस्ता दोनदा बघावा लागत नाही. आम्ही तेच केलं, आणि त्यालाच आठ दिवस लागले.

आता आखणी सुरू कुठून करायची? तुम्ही विमानाच्या तिकिटापासून केली आहे. पीतज्वराची लस टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन यांच्या ओळीत शेवटच्या चौकटीत टाकली आहे. ही चूक महागात पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गांबियाचा नियम असा की जिथे पीतज्वराची जोखीम आहे अशा देशातून येणाऱ्याने लसीचं कार्ड दाखवावं. भारत त्या देशांत मोडत नाही. त्यामुळे तिकडे उतरताना कुणी विचारलं नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. कार्ड मागतो तो आपलाच देश, परतीच्या विमानातून उतरल्यावर, कारण गांबिया जोखमीच्या यादीत आहे. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. सहल चार दिवसांची आणि विलगीकरण सहा दिवसांचं! शिवाय लस टोचल्यावर दहा दिवस उलटल्याशिवाय ते कार्ड ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे उलट्या दिशेने मोजत यायचं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तीही ठरलेल्या वारी. एका कुपीत अनेकांपुरती लस असते, आणि फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून नावं जमेपर्यंत थांबवतात. आम्हाला दुसऱ्या आठवड्यात नंबर लागला. त्यात आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. या वयात या लसीचा गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी दोघांची जुनी कागदपत्रं शांतपणे चाळली आणि मगच हो म्हटलं. तिकीट त्यानंतर काढलं. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमाने हे कार्ड जन्मभर चालतं, तेव्हा ते पासपोर्टलाच जोडून ठेवलं आहे.

मलेरियाच्या बाबतीत माझा मेहुणा म्हणाला, ‘‘दाजी, आपल्याला काय मलेरिया नवीन आहे का?’’ नवीन नाही, पण तिथे जवळजवळ सगळाच मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा. लहानपणी आपल्याला येऊन गेलेला ताप तिथे ढाल म्हणून उपयोगी पडत नाही. गोळ्या जाण्याआधी सुरू होतात आणि परत आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. घरी आल्यावर लोक सोडून देतात ते हेच. सौ.ने कॅलेंडरवर लाल टिकल्या लावल्या होत्या, म्हणून निभावलं.

ऋतूही तसाच. जून ते ऑक्टोबर पाऊस, नोव्हेंबर ते मे कोरडं. तुमचा फोटो हिरवागार आहे, पण मजकुरात जानेवारीत जा म्हटलंय. जानेवारीत गवत पिवळं असतं, हवा छान असते, आणि सहाराकडून हरमतान नावाचा कोरडा वारा बारीक धूळ घेऊन येतो. त्या धुळीचं पुढे सांगतो.

मुंबईहून थेट विमान नाही. आम्ही इस्तंबूलला विमान बदललं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, दिल्लीत गांबियाचं उच्चायुक्तालय आहे, त्यांनाच विचारलेलं बरं. उतरतो तो विमानतळ युंडुमचा. तिथली धावपट्टी नासाने १९८७ मध्ये अंतराळयानाच्या आणीबाणीच्या उतरण्यासाठी निवडली होती. यान तिथे कधी उतरलं नाही, पण आम्ही उतरलो. घड्याळ साडेपाच तास मागे घ्यायचं. आणि डॉलरच्या सुट्या नोटा वरच्या खिशात ठेवायच्या. आमच्याकडून येताना माणशी २० आणि जाताना माणशी २० डॉलर सुरक्षा शुल्क घेतलं. चलनाच्या चौकटीत तुम्ही सीएफए फ्रँक छापला आहे, तो सेनेगलचा. गांबियात १९७१ पासून दलासी चालतो. आमच्या वेळी एका डॉलरला सत्तरच्या आसपास दलासी मिळत होते. किनारा सोडला की रोख पैशाशिवाय पान हलत नाही.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांना तुम्ही चारातले दोन दिवस दिले आहेत. १९६५ मध्ये तीनेकशे स्वीडिश लोक थंडी चुकवायला इथे आले, तेव्हापासून बकाऊ, कोटू, कोलोली ही पट्टी युरोपियनांसाठी वसत गेली. वाळू छान आहे. वाळूवर दर पन्नास पावलांना एक तरणा पोरगा ‘भाऊ, कुठून आलात, मी तुम्हाला फिरवतो’ म्हणत सोबत चालू लागतो. त्यांना तिथे बम्स्टर म्हणतात. हसून, हात जोडून, नको म्हटलं की जातो. बकाऊमध्ये काचिकल्लीच्या तळ्यात मगरी आहेत. लोक ते तळं पवित्र मानतात, मूल व्हावं म्हणून बायका तिथल्या पाण्याने अंघोळ करायला येतात. सौ.ने तळ्याला नमस्कार केला आणि मगरीपासून वीस फूट लांब उभी राहिली. किनाऱ्याचं एवढंच. तिथे एक दिवस पुरे.

मला खरी गंमत आली ती रस्त्यावर. इंग्रजांची वसाहत, पण गाड्या उजवीकडून धावतात. चहूकडे सेनेगल उजवीकडून चालवणारा, म्हणून स्वतंत्र झाल्या झाल्या, १९६५ सालीच यांनी बाजू बदलली. लोकांची वाहतूक चालते ती व्हॅनमधून, तिला गेले-गेले म्हणतात. ते नाव ऐकल्यावर सौ. म्हणाली, ‘‘अहो, गेली ती गाडी असं म्हणताहेत का?’’ नंतर आठ दिवस आमचा तोच विनोद. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे सुटण्याची वेळ हा प्रकार नाही. दाराशी लटकणाऱ्या पोराला अ‍ॅप्रेंटिस म्हणतात. तिकीट नाही, पंच नाही, पण कोणी कुठे बसलं आणि कोणाचे किती सुटे द्यायचे हे त्याच्या डोक्यात पक्कं. आमच्याकडे डबल बेल दिली की गाडी निघते, तिथे टपावर थाप पडली की निघते. हिरव्या पट्ट्याची पिवळी टॅक्सी स्थानिकांची, हिरवी टॅक्सी पर्यटकांची आणि महाग. पिवळी टॅक्सी एकट्याने ठरवायची तर ‘टाउन ट्रिप’ म्हणायचं आणि बसायच्या आधी भाडं बोलून घ्यायचं. ही एक ओळ तुमच्या पानभर मजकुरापेक्षा जास्त पैसे वाचवेल. राग मानू नये.

नदीवरच्या प्रवासासाठी आम्ही गाडी चालकासकट ठरवली. चालक तिथल्या मंडिंका जमातीचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. पहिल्या दिवशी मी त्याला माझं वेळापत्रक दाखवलं, पंधरा-पंधरा मिनिटांचं. त्याने ते नीट वाचलं, घडी घातली, आणि परत माझ्याच खिशात ठेवलं.

बांजुल नदीच्या मुखाशी, दक्षिण काठाला. समोर उत्तर काठाला बारा. मधे पाण्याची रुंदी पाचेक किलोमीटर. पूल नाही, गाड्यांसकट पलीकडे नेणारी बोट आहे. एसटीत आम्ही ‘फेरी’ म्हणतो ती गाडीच्या खेपेला: फेरी लागली, फेरी रद्द, फेरी लेट. तिथे फेरी म्हणजे ही मोठी बोट, ट्रक, शेळ्या, गाद्या, डोक्यावर कांद्याची पोती आणि माणसं एकदम घेणारी. तुम्ही लिहिलंय, बांजुलहून सकाळी साडेआठला सुटते. आम्ही पावणेआठला रांगेत लागलो. एक बोट समोरच्या काठाला दिसत होती, दुसरी दुरुस्तीला बांधून ठेवलेली. साडेआठ झाले, नऊ झाले. मी सवयीने उठून धक्क्यावरच्या माणसाकडे गेलो आणि विचारलं, किती वाजता लागणार? त्याने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘‘आली की.’’ हेच उत्तर मी ३१ वर्षं प्रवाशांना देत आलो होतो. पलीकडच्या बाजूने ते ऐकण्याची माझी पहिलीच वेळ. सौ.ला हसू आवरेना.

त्या वेळात आमच्या चालकाने आणि शेजारच्या ट्रकवाल्याने अत्ताया केला. हिरव्या चहाची पत्ती, छोटी किटली, कोळशाची शेगडी, भरपूर साखर, आणि एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओतत फेस आणायचा. तीन वेळा करतात: पहिला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड. तिन्ही व्हायला तास-दीड तास सहज जातो. तिसरा पेला हातात आला आणि भोंगा वाजला. फेरीसाठी तुम्ही अर्धा तास धरला आहे. अर्धा दिवस धरा. लवकर लागली तर पलीकडे बाराला फोर्ट बुलन आहे, तो बघा. १८०७ मध्ये इंग्रजांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातल्यानंतर तो व्यापार नदीच्या मुखाशीच अडवण्यासाठी बांधलेला.

कुंटा किंते बेट तिथून वर, नदीत तीसेक किलोमीटर आत. जुफुरे आणि अल्ब्रेडा या गावांपासून होडीने जायचं. पूर्वी जेम्स बेट, २०११ मध्ये नाव बदललं. २००३ पासून जागतिक वारशाच्या यादीत. किल्ला पहिल्यांदा बांधला तो १६५१ मध्ये, कूरलँड नावाच्या संस्थानाने, आजच्या लॅटव्हियातल्या. माझा यावर विश्वासच बसेना. बाल्टिक समुद्राच्या काठचं एवढंसं संस्थान आणि इथे येऊन किल्ला. दहा वर्षांत इंग्रजांनी घेतला. मग दीडशे वर्षं इथून माणसं गुलाम म्हणून भरून नेली. बेट लाटांनी झिजत चाललंय, भिंतींना आधार दिलाय, बाओबाबची झाडं उभी आहेत. पंधरा-वीस मिनिटांत फिरून होतं, हे तुमचं बरोबर. एक बुटकी खोली आहे, तिला भिंतीत वर एक फट आहे. माणसं कोंडून ठेवायची ती. गाइडने आम्हाला आत उभं केलं आणि तो बाहेर थांबला. काही बोलला नाही. आम्ही बाहेर आल्यावर होडीपर्यंत सौ. माझा हात धरून चालली. चाळीस वर्षांच्या संसारात हे दोन-तीनदाच झालं असेल. त्यानंतर पुढे कुठे जायची घाई मला तरी नव्हती. त्या दिवसाला दुसरं काही जोडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तर काठाने फराफेन्नी. इथे नदीवर पूल झालाय, जानेवारी २०१९ मध्ये. सेनेगलच्या उत्तर भागातून दक्षिण भागात जायचं तर गांबिया आडवा येतो, आणि पूल होण्याआधी ट्रकांना इथल्या बोटीसाठी दिवसेंदिवस थांबावं लागे. आमचा चालक ट्रकवर असताना इथे रांगेत तीन रात्री झोपला होता. पुलाच्या फाट्यावरून जाताना त्याने हॉर्न वाजवला. कारण विचारलं नाही, समजलं.

वासूला पोहोचल्यावर सौ. गाडीतून उतरताच म्हणाली, ‘‘अहो, हा तर आपला जांभा!’’ ती कोकणातली. खरंच जांभ्याचेच खांब, वर्तुळात उभे केलेले, सगळ्यात उंच अडीच मीटर. गांबिया नदीच्या काठाने साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, सेनेगल धरून, अशी हजारावर स्मारकं आहेत. काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत. खाली माणसं पुरलेली आहेत. आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणीला शिलावर्तुळं आहेत, पण तिथे धोंडे मांडलेले; इथे एकेक खांब घडवून, गोल करून उभा केलाय. येणारा जाणारा प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक खडा ठेवतो. सौ.ने ठेवला. मीही ठेवला, पण आधी आजूबाजूला बघून.

कुंतौरहून होडीने बबून आयलंड्स. नाव माकडांचं, पण बघायचे ते चिंपांझी. कैदेतून सोडवलेले चिंपांझी १९७९ पासून या बेटांवर सोडलेले आहेत, आता त्यांच्या पुढच्या पिढ्या आहेत. बेटावर उतरायला मनाई आहे, होडीतूनच बघायचं. तुम्ही ‘चिंपांझींसोबत वेळ घालवा’ असं लिहिलंय, ते काढून टाका. कुणी हट्ट धरला तर नावाड्याची पंचाईत होईल. इथे नदीचं पाणी गोडं. कोरड्या दिवसांत समुद्राचं खारं पाणी दोनशे किलोमीटरच्या वर आत येतं, त्यामुळे खाली तिवरं आणि वर उंच झाडं, हा बदल होडीत बसूनच दिसतो. दोन पाणघोडे दिसले, म्हणजे चार कान दिसले. दरडीच्या बिळांतून लाल गळ्याचे वेडे राघू आत-बाहेर करत होते.

आता धुळीचं. जांजनबुरेला, जुन्या जॉर्जटाउनला, आम्ही दोन रात्री होतो. उत्तर काठाच्या धुळीने सौ.ला कोरडा खोकला लागला. तुमच्या यादीत ‘नेहमीची औषधं सोबत ठेवा’ असं आहे, आम्हीही ठेवली होती. रात्री जेवणाच्या टेबलावर तिने पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. घराची मालकीण भात घेऊन आली. वयाने सौ.एवढीच, तोपर्यंत तिच्याशी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत छान गप्पा चालल्या होत्या. दाण्याच्या कुटाची आमटी दोघींच्याही घरची निघाली होती. तिथे तिला दोमोदा म्हणतात. दाणे वाटून, टोमॅटो घालून, भाताबरोबर. आमच्यासाठी बिनमांसाची केली होती. तरी वरून टाकायची चवीची वडी असते, ती आधीच नको म्हणून सांगावं लागतं. तर ती बाई बाटलीकडे बघत थांबली. बाटली उचलून लेबल वाचलं. मग हळूच खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘ही आत ठेवाल का? घरात लहान मुलं आहेत.’’

मला आधी वाटलं, मुलं बाटलीला हात लावतील म्हणून. खरं काय ते सौ.च्या लक्षात आधी आलं. २०२२ मध्ये गांबियात मूत्रपिंडं निकामी होऊन साठाहून अधिक मुलं दगावली, बहुतेक पाच वर्षांखालची. ५ ऑक्टोबर २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, तो भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल होता. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. भारत सरकारने आपल्याकडे तपासलेले नमुने योग्य निघाल्याचं सांगितलं. गांबियाच्या संसदीय समितीने चौकशी करून कंपनीवर कारवाईची शिफारस केली. आपल्याकडे १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची आधी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. हे सगळं मी तेव्हा तुमच्याच वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं. विशेष म्हणजे बांजुलमधली त्यांच्या संसदेची इमारत भारताने दिलेल्या कर्जातून उभी राहिली आहे, २०१९ मध्ये आपले राष्ट्रपती तिथे जाऊन भाषण करून आले. आम्ही इमारतीपुढे फोटो काढला होता, दोन दिवस आधीच.

सौ.ने बाटली पिशवीत तळाशी टाकली आणि त्या बाईचा हात धरला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बाईने आतून मध आणि लिंबू आणून दिलं. खोकला दोन दिवसांनी थांबला.

मी पुरवणीवर रागावलो आहे तो यासाठी. पक्षी, वाळू, मगरी सगळं लिहा. पण मराठी माणूस गांबियाला निघाला आहे आणि त्याला तुम्ही औषधं सोबत ठेवा म्हणून सांगता, तर ही एक गोष्ट त्याला माहीत असायला हवी. तिथे कुणी आम्हाला कडू बोललं नाही. भारतीय म्हटल्यावर बाजारात बायका हिंदी मालिकांची नावं घेत होत्या. म्हणूनच आपल्याला ठाऊक नसणं जास्त लाजिरवाणं वाटतं.

परतीचा दक्षिण काठ लवकर सरला. शेवटच्या दुपारी तांजीला गेलो. रंगवलेल्या लांब होड्या किनाऱ्यापासून लांबच थांबतात, आणि कमरेपर्यंत पाण्यात उतरून बायका डोक्यावरच्या घमेल्यांतून मासळी आणतात. मागे धुराच्या खोल्यांत बोंगा मासळी वाळत असते. वास साडीतून दोन धुण्यांनी गेला. विमानतळावर आमच्या चालकाने निरोपाला डावा हात पुढे केला. मी चमकलो; आठ दिवस सगळा देश उजव्याच हाताने घेत-देत होता. त्याने सांगितलं, लांब जाणाऱ्याशी मुद्दाम डावा हात मिळवायचा. चूक झाली म्हणजे ती दुरुस्त करायला परत भेटावं लागतं.

तेव्हा दुरुस्त्या अशा: दिवस चारऐवजी आठ करावेत, कमी असतील तर वासू आणि चिंपांझी सोडून द्यावेत, पण बेट आणि वासू एका दिवसात बसवू नयेत. लस पहिल्या चौकटीत घ्यावी. चलन दलासी करावं. औषधांच्या ओळीत वरची माहिती घालावी. आणि ‘बांजुल–बारा फेरी सकाळी ८.३०’ ही ओळ तेवढी काढून टाकावी. आम्ही त्या दिवशी पावणेबाराला सुटलो, आणि धक्क्यावरचे लोक म्हणत होते की आज लवकर लागली.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक